शंभर मीटरला बासष्ट

माझ्या भाचीला आम्ही खार म्हणतो. लहानपणी ती जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त असायची. जेवायला बोलवायचं तर मान वर करून हाक मारावी लागे. त्यामुळे शाळा संपल्यावर तिने वन तंत्रज्ञानाच्या पदविकेला प्रवेश घेतला, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. तिची आई, म्हणजे माझी शिवणकाम करणारी ताई, एवढंच म्हणाली, "आता पडलीस तर निदान अभ्यासात तरी धरतील."

पहिल्याच आठवड्यात कॉलेजने तिला चालायला शिकवलं.

"एवढी शिकलीस आणि पुन्हा पांगुळगाड्यावर आलीस की," मी म्हटलं.

"मामा, जंगलात टेपचं दुसरं टोक धरायला दर वेळी माणूस नसतो. मग पावलांनी मोजायचं. उजवा पाय पडला की एक. शंभर मीटरला माझे बासष्ट येतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा." तिने तो वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवला होता. त्यांचे सर म्हणत, टेप घरी विसरतो, पाय विसरत नाहीत.

मग खारीने जग मोजायला घेतलं. तिच्या घरापासून माझं घर चारशे अठरा मीटर. "एवढं चालून यायचं, तर चहा जरा घट्ट हवा," असा शेराही मिळाला. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात हे शिकल्यावर तिने मला हात वर करायला लावले आणि जरा खाली, जिथे माझं कर्तृत्व आहे तिथे, टेप गुंडाळला.

"एकशे चौदा. मामा, तुम्ही तोडणीला आलात."

"लाकूड पोकळ आहे, सोड त्याला," मशीनवरून ताई म्हणाली.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या परीक्षेचा सराव सुरू झाला. हातात होकायंत्र आणि एक कागद. त्यावरच्या दिशांनी, दिलेलं अंतर पावलांनी मोजत जायचं आणि पाचोळ्याखाली ठोकलेली लोखंडी खुंटी शोधायची. सापडली तर पास, आणि पुढे रानातली नोकरी. खारीला दुसरं काही नकोच होतं. पण ती दर वेळी सहा-सात मीटर अलीकडेच थांबू लागली. तिने चढाला दोष दिला, मग टेप सैल पडलाय म्हणाली. सरांनी दोन टेप शेजारी शेजारी ताणून दाखवले. दोन्ही बरोबर होते. पाय तपासायचं मात्र कुणालाच सुचलं नाही, कारण पाय विसरत नाहीत.

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "मामा, समोरचा रस्ता शंभर मीटर आखलाय. मी चालते, तुम्ही मोजा."

सदुसष्ट. पुन्हा चालली. सदुसष्ट. दोन आठवड्यांनी सत्तर.

"आईला सांगू नका," ती म्हणाली.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या नातलगांना ठाऊक आहे. हा तीळ मात्र मी चार महिने तोंडात धरला.

परीक्षेच्या सकाळी तिने फाटकापाशी स्वतःला पुन्हा मोजलं. चौऱ्याहत्तर. कागदावरची सगळी अंतरं तिने त्या आकड्याने मांडली. धडधाकट पोरं झुडपांत भरकटली आणि खारीचा बूट नेमका खुंटीवर पडला. ती पहिली आली. सर म्हणाले, रानात असंच माणूस हवं. नोकरीही ठरल्यासारखीच होती, फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती.

गणवेशाची पँट ताईच शिवणार होती. मापं घेताना ती आकडे नेहमी मोठ्याने म्हणते. कंबर म्हणाली, उंची म्हणाली, डावी मांडी म्हणाली. उजव्या मांडीला टेप लावला आणि गप्प झाली.

"किती, आई?"

"नेहमीचंच."

"टेप दाखव."

ताईने टेप मुठीत घेतला. मग खाली बघत म्हणाली, "दोन इंच कमी. तुझ्या जुन्या पँटची शिवण मी आत घेत होते. त्या बाजूला सैल लागू नये म्हणून."

"कधीपासून?"

"पावसात कपडे घरात दिवाणावर वाळत घालत होतो ना, तेव्हापासून." मग स्वतःच म्हणाली, "चार-पाच महिने झाले."

"मी शंभरला चौऱ्याहत्तरवर आलेय," खार म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मामा, बोला ना काहीतरी."

मी ताईच्या मुठीतला टेप काढून घेतला आणि गुंडाळत बसलो.

स्नायू झिजवणाऱ्या त्या आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की डॉक्टरही मध्ये श्वास घेतात. इलाज मात्र त्यांनी एका शब्दात सांगितला: नाही. रानातली नोकरी गेली. पांगुळगाड्याचा विनोद मी परत केला नाही.

आता ती चाकाच्या खुर्चीत बसून कॉलेजच्या बियाण्यांच्या खोलीत काम करते, कुठलं बी रुजेल आणि कुठलं नाही ते तपासते. अंगात तीच पँट असते. ताईने दोन्ही पाय आपापल्या मापाने शिवले आहेत.

पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना पावलं मोजायला तिच्याकडे पाठवतात. बाहेरची वाट तिने शंभर मीटर आखून ठेवली आहे. परवा मी तिथेच बसलो होतो. एका मुलीचे बासष्ट आले. खारीने तिला परत चालायला लावलं. पुन्हा बासष्ट. मग तिसऱ्यांदा.

"ताई, बरोबर आहे ना?" मुलगी दमून खारीला म्हणाली.

"अगदी बरोबर आहे," खार म्हणाली. "चाल अजून एकदा."