वहिनीची पाठ

पूल ओलांडून कालव्याच्या कडेने चालायला लागलो, तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते. बस चुकली म्हणून वहिनी म्हणाली होती, चल, चालतच जाऊ. उद्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेचं सभागृह तिला एकदा नजरेखालून घालायचं होतं. मी धापा टाकत होते आणि ती, माझ्याहून चांगली मोठी, पुढे ताठ चालत होती.

"धाकटे, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घे. एक बाजू उतरलीय तुझी."

"आता या वयात माझे खांदे कोण बघणार?"

"मी बघते ना. कधी तुझा शर्ट शिवायला घेतला तर मलाच निस्तरावं लागेल."

माझ्या थोरल्या भावाची ही बायको शर्ट आणि कोट शिवते. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून तिला पोक आलं होतं. एकदा दुकानातल्या आरशात गिऱ्हाइकाच्या मागे तिला कुणीतरी वाकलेली म्हातारी दिसली. "बसा हो आजी," म्हणत ती मागे वळली, तर मागे कुणीच नव्हतं. त्याच आठवड्यात तिने व्यायामशाळेत नाव घातलं.

वजनकाट्यावर तिचा विश्वास नाही. तिने स्वतःच्या मापाचा अंगाबरोबर बसणारा शर्ट शिवला आणि तोच अधूनमधून घालून बघायची. सुरुवातीला आरशात दिसतं तेवढंच तिने कमावलं, म्हणजे छाती आणि दंड. बाह्या घट्ट झाल्या तशी स्वारी खूश. मग एक दिवस शर्ट पाठीत उसवला आणि गळ्याखाली झोळ पडला. दुसरी एखादी बाई पाठ रुंदावली म्हणून मिरवली असती. वहिनी मटकन स्टुलावर बसली. खांदे पुढे ओढले जाऊन पोक वाढलं होतं, हे तिला शिवणीवरून कळलं.

तेव्हापासून तिचा नियम ठरला. पुढे जेवढं ढकलायचं, त्याच्या दुप्पट मागे ओढायचं. पायांनाही सूट नाही. "वर झकास कोट आणि खाली लोंबती विजार, असलं ध्यान नको." नवीन येणाऱ्या मुलींना ती सांगते, "वजन उचलायला सगळ्यांना येतं गं, सावकाश खाली ठेवायला शिका. आणि झोपा वेळेवर. अंग झोपेत भरतं."

मी रोज सकाळी देवापुढे हात जोडते, पण मन कुठेतरी बाजारात फिरत असतं. वहिनी लोखंडी दांडीखाली उभी राहते तेव्हा तिचं मन कुठेच जात नाही. एवढं एकचित्त मला प्रार्थनेत साधलं तर बरं, असं तिच्याकडे बघून वाटतं.

दादाने आधी थट्टाच केली. "बरं झालं, कपाट हलवायला हमाल नको." तिने खरंच कपाट हलवून मागची जळमटं काढली, तेव्हा तोही हसला होता. स्पर्धेचं नाव निघालं मात्र, आणि त्याचा चेहरा उतरला. "चार लोकांत पाठ उघडी टाकून उभी राहणार? मी नाही येणार." त्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझी मर्जी." विचारणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, नाही आला तरी चालेल.

सभागृहात खुर्च्या लावून झाल्या होत्या, पण माणूस कुणी नव्हतं. वहिनी मंचावर चढली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात वर घेऊन खांदे मागे खेचले. शर्टाच्या आतूनही पाठ पंख्यासारखी उघडलेली दिसली. पोक कुठल्या कुठे गेलं होतं.

"कशी दिसते गं?"

"दृष्ट लागेल अशी."

ती खाली उतरली आणि पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. बराच वेळ बाहीची शिवण चाचपत राहिली.

"तो नाही आला तरी चालेल, असं सगळ्यांना सांगते मी. तुला खरं सांगते, नाही चालणार. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. उद्या तुझ्या दादाला घेऊन ये. भांड, रड, काय हवं ते कर, पण घेऊन ये."