आतून कडी असलेली खोली

राजेश्वरीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दार. बंगला नको, नवरा नको, मोबाईलसुद्धा नको. लोटता येईल असं एक लाकडी दार आणि त्याला आतून कडी, बस्स. दुसऱ्या कुठल्याही गावात सुताराला सांगितलं असतं की दोन दिवसांत काम झालं असतं. पण बाई जन्माला आली शिंगणापुरात.

तिथल्या घराला चौकट असते, दार नसतं. देव राखतो, ही तिथली रीत, आणि त्याबद्दल कुणी वाकडा शब्द बोलू नये. राजेश्वरीच्या घराच्या चौकटीला जांभळा पडदा होता, पण पडद्याला कोण विचारतंय! शेजारीण हाक मारता मारताच चुलीपाशी येऊन टेकायची. शनि अमावास्येला तर वाट चुकलेले भाविकही पाणी मागत थेट आत. तिच्या आईला, कडूबाईला, ते आवडायचं. माणसांनी भरलेलं घर म्हणजे तिच्या लेखी सुख. नवरा मच्छिंद्र लवकर गेला, मग पूजेच्या सामानाचं दुकान, तेल, नारळ, रुईच्या माळा, सगळं तिने एकटीने ओढलं. माणसंच नसती तर ती कशावर उभी राहिली असती?

लेकीचं मात्र उलटं. कुणी आत आलं की पोरीच्या अंगाला झटका बसायचा, प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच कुणी आलंय. सहा वर्षांची होईस्तोवर बोलली नाही. रस्त्यावर भोंगे सुरू झाले, ‘तेल घ्या, तेल घ्या’ सुरू झालं, की ही गोधड्यांच्या ढिगात घुसायची. भर मे महिन्यात! घामाने निथळायची, पण बाहेर यायची नाही. अर्धं गाव म्हणालं, येडी हाय. उरलेलं अर्धं म्हणालं, बाहेरचं झालंय. कडूबाईने अंगारे लावले, धागे बांधले, उपास केले. कशाने काडीचा फरक पडला नाही.

अकरा वर्षांची असताना राजेश्वरी म्हणाली, “आई, आपल्याला दार कर.”

कडूबाईने फाडकन मुस्काटात दिली. “देवाच्या गावात दार मागतीस?” आणि त्याच पावली जाऊन तिने देवापुढे नाक घासलं, लेकीच्या वतीने. राजेश्वरीने परत कधी विचारलं नाही. विसरली मात्र नाही. ती काहीच विसरत नाही, तो एक वेगळाच ताप आहे.

एकवीस वर्षांची झाली तेव्हा नेवाशाच्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर तपासलं आणि कागदावर लिहिलं, ऑटिझम.

“गोळी कोनती?” कडूबाईने विचारलं.

“गोळी नसते ह्याला.”

“मग नाव कशाला ठिवलं?”

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, सोनईला एक केंद्र आहे, तिकडे पाठवा.

केंद्र म्हणजे काय, तर कांद्याच्या बियाण्याचं जुनं गोदाम. वर पत्रा, पावसात तीन ठिकाणी बादल्या. चालवायच्या दयाबाई अल्हाट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा स्वतःचा भाचा असाच होता, म्हणून त्यांना ही पोरं कळायची. अकरा मुलं आणि एक ही घोडनवरी. पहिल्या दिवशी पोरांनी कालवा केला तशी राजेश्वरी कान दाबून गोदामात सैरावैरा फिरली, आणि मागच्या कोपऱ्यात तिला एक खोली दिसली. पोती ठेवायची. तिला दार होतं.

ती आत गेली, कडी लावली.

दयाबाईंचं मोठेपण असं, की त्यांनी दार वाजवलं नाही. पोरांना घेऊन लांब बसल्या. दोन तासांनी कडी निघाली. राजेश्वरी बाहेर आली ती तोंड धुतल्यासारखी. म्हणाली, “आत कुनीच आलं न्हाई.” एवढं बोलून ती पोरांच्या पंगतीत जाऊन बसली आणि पोटभर जेवली. दयाबाईंना भडभडून आलं.

त्यानंतरची सात वर्षं तिची चांगली गेली. तेवढीच चांगली गेली, म्हणून सांगायची. सकाळी काळीपिवळीने सोनई, आधी अर्धा तास खोलीत, मग दिवसभर काम. तिने लहान मुलांसाठी चित्रांच्या चिठ्ठ्या केल्या: आता जेवण, आता खेळ, आता घरी. खोलीच्या पाळ्या लावल्या. दार वाजवायचं आणि थांबायचं, आतून ‘ये’ आल्याशिवाय जायचं नाही, हे तिने पोरापोरांना शिकवलं. नॅन्सी नावाची सात वर्षांची पोर दिवसाला चार वेळा भिंतीवर डोकं आपटायची. खोली मिळाल्यावर आठवड्यातून एकदा. हे कुठल्या डॉक्टरने केलेलं नाही. राजेश्वरीने केलं.

मग कंपनी आली.

नाव कशाला घ्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी. कायद्याप्रमाणे त्यांना समाजासाठी काही करावं लागतं, तर ह्या वर्षी त्यांनी ऑटिझम निवडला होता. मोनिका मॅडम नावाची पुण्याची मुलगी पाहणीला आली. खरं सांगायचं तर मुलगी सोन्यासारखी होती. पोरांच्या लाळेला कचरली नाही, दयाबाईंच्या हातचं पिठलं मागून खाल्लं. नवी इमारत देऊ म्हणाली, मुलांची ने-आण करायला गाडी, आठवड्यातून तीनदा बोलायला शिकवणारी ताई. दयाबाई सात वर्षं बादल्या मांडत होत्या. त्यांनी हात जोडले.

“आणि हो,” मोनिका मॅडम म्हणाली, “आम्ही ऑटिस्टिक व्यक्तींना विचारल्याशिवाय काहीच करत नाही. ते स्वतः बोलले पाहिजेत.” अशा तऱ्हेने राजेश्वरी सल्लागार समितीवर गेली. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर ‘स्व-प्रतिनिधी’. पुण्याच्या गार हॉलमध्ये दिव्यांची गुणगुण सहन करत ती तीन तास बसली आणि घरून लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर चार ओळी होत्या.

शांत खोलीला दार पाहिजे. भरीव पाहिजे, काचेचं नको. कडी आतून पाहिजे, लहान मुलाच्या हाताला येईल अशी. वाजवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही.

“किती सुंदर अक्षर!” मोनिका मॅडम म्हणाली. कागद हातोहात फिरला, साहेबलोकांनी फोटो काढले. दिवाळीत कंपनीची डायरी आली, तिच्या कव्हरवर तोच कागद छापलेला. हजारो डायऱ्या वाटल्या म्हणे. इतक्या लोकांच्या टेबलावर ते मागणं पडून होतं, एकाने वाचलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

तरी दार झालं, बरं का. इमारतीचा ठेकेदार भला होता, म्हणाला, ताई सांगेल तसं. सुतार पुंजाराम घोडेगावचा. त्याच्याशेजारी उकिडवं बसून राजेश्वरीने एकेक फळी हात फिरवून निवडली. आत एखाद्याला फिट आली तर? म्हणून कडीला बाहेरून खाच ठेवली, नाणं घालून फिरवलं की उघडेल. हेही तिनेच सुचवलं. पुंजाराम म्हणाला, “ताई, तुमी सुतारच व्हायला पायजे हुतं.” त्या दिवशी ती घरी जाऊन आईला म्हणाली, “माझं दार झालं.” कडूबाईने ताटात एक भाकरी जास्त वाढली.

उद्घाटन ठरलं दोन एप्रिलला, ऑटिझमच्या जागतिक दिवशी. आठवडाभर आधी मोनिका मॅडमला कळलं की राजेश्वरी शिंगणापूरची.

“अय्या! म्हणजे ते बिनदारांचं गाव?”

झालं. पुण्यात बैठक बसली, डोकी चालली. फीत कापणं जुनं झालं. मोठे साहेब शांत खोलीचं दार स्वतःच्या हाताने काढतील, शेजारी राजेश्वरी उभी राहील. तिच्या गावासारखा विश्वास, कुणाला कुलूप नाही, कुणी एकटं नाही. सगळ्यांना इतकं आवडलं की एकदोघांचे डोळे ओलावले म्हणतात. तिच्या गावाचा मान ठेवायचा म्हणून तिच्या जिवावरच घाला! आणि त्यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं, ह्याचाच संताप जास्त येतो.

दयाबाईंनी फोनवर बोलून पाहिलं. मोनिका मॅडम म्हणाली, मॅडम, कार्यक्रम छापून झालाय, मोठे साहेब दिल्लीहून येतायत. दयाबाईंच्या डोळ्यांपुढे गाडी आली, शिकवणारी ताई आली, नव्या इमारतीसाठी नाव घातलेल्या चाळीस मुलांची यादी आली. त्यांनी फोन ठेवला. आदल्या संध्याकाळी राजेश्वरीला जवळ घेऊन म्हणाल्या, “पोरी, एका दिवसाचा प्रश्न आहे. साहेब गेले की संध्याकाळी आपण परत बसवू.”

“संध्याकाळी,” राजेश्वरी म्हणाली. तिच्याशी कुणी वेळ ठरवली की ती तिच्यासाठी ठरलेली असते.

म्हणून ती कार्यक्रमात शहाण्यासारखी उभी राहिली. नवा कुडता टोचत होता, भोंग्यावर गाणी लागली होती, तरी हलली नाही. फीत बांधलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने साहेबांनी शेवटचा स्क्रू फिरवला, चौघांनी दार उचललं. ती दाराकडे बघत राहिली. दार अंगणात नेलं, गुंडाळलं आणि टेम्पोत चढवलं.

टेम्पो कशाला? तर पुण्याच्या ऑफिसात दर्शनी भागात ते दार उभं करायचं होतं, आठवण म्हणून. हे दयाबाईंनाही कुणी सांगितलं नव्हतं.

राजेश्वरी टेम्पोत चढली आणि दोन्ही हातांनी दार धरलं. ओरडली नाही, रडली नाही. आयुष्यात बोलली नव्हती इतकं स्वच्छ बोलली. “हे खाली उतरवा. आमाला लागतं. संध्याकाळी परत बसवायचं हाय.” थांबली आणि पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा अंगण चिडीचूप झालं होतं. साहेबांसकट दोनशे माणसांनी ऐकलं.

साहेब कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, “बघा, ही खरी तळमळ. आज ती स्वतःच्या आवाजात बोलली!” आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच.

दोनशे माणसांच्या टाळ्या, वर पत्र्याचा मांडव. राजेश्वरीला कान झाकावे लागले. कान झाकायला दोन हात लागतात. तिने दार सोडलं, खाली बसली, आणि कुणीतरी मायेनेच तिला उचलून उतरवलं. टेम्पो निघून गेला.

पुढचं सगळं कागदावर. तिने पत्र लिहिलं. मोनिका मॅडमचं उत्तर आलं, पुढच्या बैठकीत नक्की मांडू. बैठक झाली. कंपनीच्या नियमात लहान मुलांसाठी बंद खोली बसत नाही, असं निघालं. खोलीत कॅमेरा बसला. दयाबाईंनी पदरमोड करून पुंजारामला बोलावलं, तर पालकच आडवे आले. बाई, गाडी दारात येती, कशाला वाकड्यात शिरता? त्यांचंही खोटं नव्हतं. पाहुणे येऊ लागले, चौकटीत उभं राहून आत वाकून बघू लागले. नॅन्सी परत भिंतीवर डोकं आपटायला लागली. दोन महिन्यांनी राजेश्वरीने सोनईला जाणं बंद केलं. समितीवर तिचं नाव अजून आहे.

त्याच सुमारास टाळ्यांचा व्हिडीओ कंपनीने टाकला, तो भाऊ आदिनाथच्या मोबाईलवर आला आणि तिथून गावभर. बायका कौतुकाला आल्या, नेहमीसारख्या सरळ आत. “कुठंय आमची राजी? लई मोठी झाली गं!” राजी गोधड्यांखाली. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी कडूबाईने दुकान आदिनाथवर सोडलं, पाट उचलला आणि चौकटीत मधोमध ठेवून, घराकडे पाठ करून बसली. शेजारीण आली.

“सरक की गं, मावशी.”

“न्हाई. आत न्हाई यायचं.”

“अगं, काय झालं?”

“माझी लेक हाय आत.”

गावात चर्चा झाली. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले. शनिवारी आदिनाथ चिडला, गिऱ्हाईक खोळंबलंय आणि तू इथं राखण करतीस? “थांबू दे गिऱ्हाईक,” म्हणाली, आणि कडूबाई जागची हलली नाही. मनातल्या मनात देवाची माफी मागत असेल, तिचं तिला ठाऊक. गुडघे सुजलेले, उठताना भिंत धरावी लागायची, तरी रोज दुपारी दोन तास ती तिथे बसू लागली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

आठव्या दिवशी गोधड्या हलल्या. राजेश्वरी बाहेर आली, आईच्या पाठीमागे येऊन बसली. थोडी भाकरी खाल्ली. बराच वेळ आईच्या पाठीकडे बघत राहिली.

“आई, तू मेल्यावर हितं कोन बसंल?”

कडूबाईने मान वळवली नाही. सबंध गावाला तिने उत्तरं दिली होती, आदिनाथला दिली होती.

राजेश्वरीला वाटलं, आईला ऐकू गेलं नसावं. तिने पुन्हा विचारलं.