जब्बारचाचाची झाकणगाडी

जब्बारचाचा आजकाल फक्त कूलर बनवतो. दारव्ह्यात नेर रोडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं फ्लेक्सचं. चाचा पत्रा कापतो, पंखा बसवतो, वाळ्याच्या ताट्या लावतो. कूलर गळला की गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दुकानासमोर येऊन चाचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. चाचा मान खाली घालून सगळं ऐकून घेतो. मला तर वाटतं, त्या शिव्या ऐकायलाच तो कूलर बनवतो.

आधी तो झाकणगाड्या बनवायचा. हे नाव लोकांनी पाडलेलं. पायानं अधू असलेली माणसं हातानं पायडल मारून चालवतात ती तीनचाकी सगळ्यांनी पाहिलेली असते. चाचाची गाडी तशीच, पण वरून बंद. मागे रेलून बसायची सीट, छातीसमोर हाताचं पायडल, वर कूलरच्याच पत्र्याचं गोलसर झाकण, समोर जाड प्लास्टिकची काच आणि बाजूला हवेसाठी जाळी. ही कल्पना त्याला पोरानं, परवेजनं मोबाईलवर दाखवलेल्या व्हिडिओतून सुचली. परदेशात लोक असल्या बंद सायकली हौसेनं पायानं चालवतात म्हणे. चाचा तो व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आला होता.

"संघदीप, पाय असून हे लोक डब्यात बसून राह्यले. मग ज्याले पायच नाई त्यानं उन्हात काहून मरावं?"

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

चाचाची पारख पाहायला आमच्या रोडवर गर्दी व्हायची. नवी गाडी तयार झाली की तो स्वतःचे दोन्ही पाय गमछ्यानं करकचून बांधायचा आणि दोघांच्या आधारानं आत बसायचा. मग स्वारी निघायची बंद पडलेल्या शकुंतला आगगाडीच्या रुळांकडे. रस्त्यात गाडलेल्या त्या रुळांवरून तो गाडी आडवी, तिरपी, उलटी, कशीही आदळत न्यायचा. एखादा जोड कुरकुरला तर तिथेच थांबून त्याला कान लावायचा. परत आला की बिस्मिल्लाबी, म्हणजे आमची चाची, झाकणावर बादल्या ओतायची. थेंब आत आला की चाचा आतून ओरडायचा आणि चाची आणखी एक बादली आणायची. लग्नापासूनचे हिशोब ती त्या बादल्यांत चुकते करायची असं आम्ही तिला चिडवायचो. समोरच्या काचेवर चाचा हातोडी मारून पाहायचा. शेवटी बांधल्या पायांनिशी वाकून, गुडघ्यापाशी असलेली खिटी फिरवून झाकण उघडायचा आणि विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघायचा. झाकण खाली ओढलं की ती खिटी आपोआप बसायची. तिचा त्याला फार अभिमान होता.

पण त्याचं समाधान व्हायचं नाही. "मी बांधून बसतो, सोडून उठतो," तो म्हणायचा. "जो रोज बसते तोच सांगू शकते." म्हणून त्यानं माझ्याकडून एक फलक छापून घेतला: 'गाडीत खोट आढळल्यास कृपया तोंडावर सांगावी.' असा फलक मी आयुष्यात पहिल्यांदाच छापला. मी वाढदिवसाचे छापतो, त्यात खोट सांगायची सोय नसते. फलक लागला आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढू लागले. तक्रार एकही आली नाही.

मग चाचानं शुक्रवारचा शिरस्ता सुरू केला. दुपारची नमाज झाली की माझ्या मोटरसायकलवर मागे बसायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. आदल्या दिवशी फोन करायचा, "उद्या येऊन राह्यलो." आम्ही पोचायचो तेव्हा गाडी धुऊनपुसून अंगणात उभी असायची. चिवडा यायचा, चहा यायचा. चाचा विचारायचा, "काय तकलीफ हाय?" आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, "काईच नाई जी, भल्ली मस्त हाय."

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाची ही खोड मला ठाऊक आहे आणि तिचा मला मनापासून राग आहे. चौकात उभा राहून हा माणूस देशातल्या मोठ्यातल्या मोठ्याला धारेवर धरेल. पण कोणी आपल्यासाठी राबून काही केलं आणि ते बघायला घरी आला, की ह्याची जीभ टाळ्याला चिकटते. आलेल्या माणसाच्या हातच्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे त्याला ताटावरून उठवणं, असं आमच्याकडे मानतात. हा चांगुलपणा आहे, कबूल. पण चांगुलपणानं बेअरिंग दुरुस्त होत नाही.

एकदा नेरला आम्ही ठरल्या वेळेच्या आधी पोचलो. तिथल्या धावजी नावाच्या गिऱ्हाइकाची बायको गाडीच्या सीटवरून घाईघाईनं एक घडी घातलेलं पोतं काढून खाटेखाली सरकवत होती. चाचानं ते पाहिलं. पोतं कशासाठी, विचारलं. धावजी लाजून चूर झाला. सीटची कडा मांडीला कापत होती आणि तो वर्षभर पोत्यावर बसत होता. चाचा तिथेच हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याला पहिली तक्रार मिळाली होती. त्या आनंदात त्यानं धावजीचे हात धरले आणि पुढच्या सगळ्या गाड्यांच्या सीटची कडा गोल केली.

परत येताना मी गाडी थांबवून त्याला सांगितलं, "चाचा, हे सगळेच लपवून राह्यले. आपला फोन आला की जे काही बांधलं-ठोकलं ते काढून ठेवतात. आता फोन न करता जात जाऊ."

चाचा एकदम गंभीर झाला. "ज्याले उठता येत नाई त्याच्या घरी न सांगता जायचं? पोलिसावानी? तो कपडे बदलत असन, जेवत असन. नाई बेटा. ते आपल्याच्यानं होत नाई."

मी भांडलो. दारव्हा येईपर्यंत भांडलो. पण तो आपल्या अदबीवरून हलला नाही, आणि फोन चालूच राहिले.

बोरी अरबची दीपा हे चाचाचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. लहानपणीच्या पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेलेले आणि पाठीचा कणाही वाकडा झालेला. वय अडतीसच्या आसपास. आई रुखमाबाई आणि ती, दोघीच घरात. हाताचं मशीन फिरवून दीपा ब्लाऊज शिवायची आणि तोंडानं गावाला टोचायची. बाहीचं माप चुकीचं सांगणाऱ्या बायकांना ती दारातून परत पाठवायची. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "दादा, तुमच्या फ्लेक्सवरचे सगळे चेहरे काविळीवानी पिवळे दिसतात." आणि खरंच दिसायचे. मी त्याच आठवड्यात शाई बदलली.

अशी ही पोरगी चाचासमोर मात्र गाईसारखी गरीब व्हायची. झाकणगाडी येईपर्यंत ती एकटी कुठेही गेली नव्हती. आई नेईल तिथे, आई नेईल तेव्हा. गाडी आल्यावर ती गावभर हिंडली, शेजारच्या तांड्यावर जाऊन मापं घेऊ लागली, नुसतीच रस्त्याच्या कडेला थांबून शेतं बघत बसू लागली. एकदा चाचा लांब उभा असताना मी तिला म्हणालो, "मले नाव ठेवतेस, त्यायले एखादी खोट सांग ना, खूश होतील."

"असन तरी सांगनार नाई," ती म्हणाली. "ज्यानं मले एकटीले हिंडायले देल्लं, त्याले खोट दाखवू? तेवढी हलकट नाई मी."

मी हसलो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही तिच्याकडे गेलो. फोन आदल्या दिवशीच झाला होता. गाडी अंगणात चकाचक उभी होती. लग्नसराई असल्यानं मशीनभोवती ब्लाऊजपिसांचा ढीग पडला होता. चाचानं चाकं फिरवून पाहिली, साखळीला तेल सोडलं, खिटीला ग्रीस लावलं.

"उघडझाप बराबर होते ना, बेटी?"

"एकदम झकास, चाचा."

रुखमाबाईनं आंब्याचा रस वाढला. चाचा दोन वाट्या प्याला आणि परतताना गाडीवर गुणगुणत होता.

रविवारी भर दुपारी दीपा तांड्यावर निघाली. संध्याकाळी तिथे हळद होती आणि नवरीचे ब्लाऊज पोचवायचे होते. आईनं उन्हाचं सांगितलं, तर म्हणाली की झाकण कशाला आहे. तांड्याच्या वळणावर रस्त्याची कडा ढासळलेली होती. चाक तिथे घसरलं आणि गाडी खालच्या कोरड्या चरात एका कुशीवर पडली. तिला फारसं लागलं नव्हतं. झाकणाला एक पोचा पडला, जोड एकही सुटला नाही, काच तडकलीसुद्धा नाही. वर रस्त्यावरून जीप गेल्या असतील, पण चरातलं रस्त्यावरून दिसत नव्हतं, आणि त्या आवाजात हाक कोणाला ऐकू येणार? फोन सीटमागे अडकवलेल्या पिशवीत होता, ब्लाऊजसोबत. रुखमाबाई घरून सारखा फोन लावत होती. ऊन उतरल्यावर एका शेळ्यावाल्याला चरातून ती रिंग ऐकू आली.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. पत्र्याच्या आत, मे महिन्यात, तेवढा वेळ. ती तिथेच गेली होती.

चाचाला कळत नव्हतं ते एवढंच, की तिनं झाकण का उघडलं नाही. पोलिसांनी गाडी रुखमाबाईच्या अंगणात आणून टाकली होती. जलदानविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. त्या दिवशी चाचानं फोन केला नाही.

आधी तो अंगणात गाडीपाशी बसला. खिटी फिरवून पाहिली, लोण्यासारखी फिरली. मग त्यानं गमछा काढून पाय बांधले आणि मला आत बसवायला सांगितलं. मी नको म्हणत होतो, तरी बसवलं. तो वाकला, खिटी उघडली. परत बसला. या वेळी त्यानं पाठ सीटला टेकवली आणि मला म्हणाला, "माझे खांदे दाबून धर. वाकू देऊ नको."

मी धरले. त्याचा हात पुढे गेला आणि खिटीपासून वीतभर अलीकडे हवेत फिरत राहिला. त्यानं आजवर प्रत्येक गाडीत पाय बांधले होते. कंबर कधीच बांधली नव्हती.

मी त्याला बाहेर काढलं. घरात रुखमाबाई मशीनशेजारी भिंतीला टेकून बसली होती. मशीनच्या वरच्या खिळ्याला साडीच्या काठाची वळलेली एक दोरी लटकत होती. एका टोकाला बोटं जातील एवढी गाठीची कडी, दुसरं टोक ग्रीसनं काळं झालेलं. चाचानं ती खाली काढली आणि काळं टोक बोटांनी चोळून पाहिलं.

"हे काय होय, बहेन?"

रुखमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "काई नाई, भाऊ. ते खिटीले बांधून ठेवे ती. बसल्या जागी वढली का झाकन उघडे. तिले वाकता नाई ये ना."

"मग खिळ्याले कशी?"

"तुमचा फोन आलता ना गुरुवारी. तिनंच सोडाले लावली. म्हने, चाचा पाह्यतीन त त्यायले वाईट वाटन. मंग शिवनकामात बांधायची राह्यली."

चाचा तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण असा आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बाई, मले शिव्या दे," तो म्हणाला. "चप्पल काढ, मार मले. खोट होती माह्या गाडीत. तू एकदा तोंडानं म्हन."

रुखमाबाई घाबरलीच. घरी आलेल्या माणसाला आपल्यामुळे रडू आलं, याचीच तिला लाज वाटली असावी. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्या हातातली दोरी काढून घेऊन पदराखाली धरली.

"असं काय बोलता, भाऊ? गाडीले काईच खोट नाई. भल्ली मस्त गाडी हाय," ती म्हणाली. "मोडू नका तिले. एखाद्या गरजू पोरीले देऊन द्या."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.