रुमालाखालचं भांडण

माझे सासरे आणि मी पहिल्यांदा धड बोललो, ते एका अवकाशयानाच्या पाण्याच्या टाकीवरून. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भांडण नव्हतं की अबोला नव्हता. माजलगावात आमच्या घरी सून सासऱ्याशी सरळ बोलायची नाही, एवढंच. तसा नियम कुणी केला होता असंही नाही. पण ते हॉलमध्ये शिरण्याआधी खाकरायचे, मी पदर सावरून आत जायची, आणि त्यांना चहा हवा असला की सासूबाईंना सांगायचे, "म्हनावं, चहा टाक."

सासरे मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने आडते. कपाळाला भस्म, आवाज असा की सोयाबीनच्या ढिगाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या हमालाला ऐकू जावं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि धंदा माझ्या नवऱ्याकडे आला. त्यांची कॉट हॉलमध्ये आली. माझी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण टीव्हीही हॉलमध्येच होता.

दुपारी घर रिकामं झालं की मी एक मालिका बघायची. कॉलेजात असल्यापासूनचा नाद. आकाशातून पिढ्यान् पिढ्या चाललेलं एक भलंमोठं यान, त्यावरच जन्मलेली माणसं, त्यांची कडक कप्तान बाई, आणि मागे लागलेलं शत्रूचं दुसरं यान. ती मालिका संपता संपत नव्हती. एकेक भाग संपला की जगभरचे चाहते तर्क लढवत बसायचे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : आपलं यान कुठून जाणार हे शत्रूला दर वेळी कळतं कसं? फितूर कोण? कुणी म्हणे यानाचा डॉक्टर, कुणी म्हणे यान चालवणारं यंत्र. मी हॉस्टेलवर असल्यापासून फितूर ओळखत आले होते आणि दर वेळी सपशेल चुकत आले होते.

सासरे हॉलमध्ये आले तसं माझं बघणं बंद झालं. ते दिवसभर बातम्या लावून बसत आणि बातम्यांवरच चिडत. मग एका दुपारी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "तिला म्हनावं, ते इमानाचं लाव. रोज लावायची ना."

सासूबाई तूर निवडत होत्या. मी दारातच उभी.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मामांना सांगा, हिंदीतनं लावते. पहिल्यापासून लावू का?"

"पहिल्यापासूनच लाव म्हनावं."

सासूबाईंनी सूप खाली आपटलं. "मी काय टपालवाली हाय व्हय? ती काय गावाला गेलीय? बोला की तुमचं तुमी!"

तरी आम्ही काही बोललो नाही. ते कॉटवर, मी खाली भिंतीला टेकून, असे मुक्यानेच भाग बघत गेलो. मग एक लढाई आली. शत्रूच्या तोफांनी यानाची शिडं फाडली, दिवे फोडले, कोठारं पेटवली. मामा अचानक म्हणाले, "टाकी कावून फोडली न्हाई?"

मी आजूबाजूला बघितलं. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. म्हणजे प्रश्न मलाच होता.

"कोणती टाकी, मामा?"

"पान्याची. ती काय मोठी गोल, समोरच दिसती. मागच्या लढाईत बी टाकी सोडूनच मारलं. ज्याला खरंच मारायचंय, तो आदी पानी तोडतो, बाई."

इतकी वर्षं मी ती टाकी बघत होते. ती फुटली नाही याचा विचार कधी केला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी, कप्तान बाई आणि शत्रूचा सेनापती पडद्यावरून एकमेकांना शिव्याशाप देत होते, तेव्हा मामा हसायलाच लागले. खो खो. गुडघा धरून.

"काय झालं, मामा?"

"अगं, हे भांडण रुमालाखालचं हाय!"

मग त्यांनी मला त्यांच्या तरुणपणचा मोंढा सांगितला. माल घेणारा आणि विकणारा हातात हात घालायचे, वरून रुमाल टाकायचे, आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. कोणतं बोट, किती दाबलं, यावर सगळं. बघणाऱ्याला पत्ता नाही. वर तोंडाने मात्र दोघांचा आरडाओरडा. तू लुटतोस, तुझं तोंड बघणार नाही. नवख्या माणसाला वाटावं, आता डोकी फुटणार. आणि रुमाल निघाला की सौदा झालेला असायचा.

"फितूर बितूर कोनी न्हाई," मामा म्हणाले. "ही दोघंच एकमेकाला सामील हायत."

ते खरं असेल, तर हात दिसायला हवे होते. मी जुने भाग काढले. आता तोंडांकडे बघायचं नाही, फक्त हातांकडे, असं ठरवलं. आणि सापडलं. प्रत्येक लढाईच्या आधी, शत्रूशी बोलताना, कप्तान उजव्या हाताचा मोजा काढते. तिकडे सेनापतीही काढतो. मग तिची बोटं टेबलाच्या कडेवर टेकतात, दोन, मग एक, मग दोन.

मी मामांना दाखवलं. ते काठी टेकत टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "थांबव. मागं घे. आजून मागं. ते बग, बोट दाबलं बग!" असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

पण दोघांनी संगनमत का करावं, यावर आमचं जुळेना. मामांचं म्हणणं, भागीदारी. पळणारं यान वाटेत जे टाकतं ते मागचं उचलतं आणि नफा दोघांत. मला ते पटेना. पहिल्या काही भागांत दोन्ही यानांवरची माणसं आपापसांतच एकमेकांच्या जिवावर उठली होती. शत्रू आला आणि ती एक झाली. मी म्हटलं, "मामा, हे नफ्यासाठी न्हाई. मागं कुणीतरी लागलंय म्हणून ही मानसं जगायलीत. आणि त्यांना कुणाला तरी गाठायचंय म्हणून ती जगायलीत. दोघा कप्तानांनी ते वळखलंय."

"आसं फुकट कोन करतं का?" मामा म्हणाले. त्यावर आमची चांगलीच जुंपली. नवरा दुकानातून जेवायला आला होता. तो ताट घेऊन दोघांकडे बघत राहिला. त्याने बायकोचा एवढा मोठा आवाज आपल्या वडिलांपुढे कधी ऐकला नव्हता. "याड लागलंय दोघांना," असं म्हणून तो वरणभात कालवायला लागला.

मालिकेच्या चाहत्यांचा एक मोठा गट इंटरनेटवर होता. तिथे मी आमचा तर्क मांडला, रुमालासकट. लोक तुटून पडले. इतकी वर्षं बघून हे सुचलं? एकाने लिहिलं, भाभीजी, ही सासू-सुनेची मालिका नव्हे. आमच्या तर्काला नावही तिथेच मिळालं, 'रुमाल थिअरी', आणि ते चेष्टेनेच मिळालं. कुणी काहीही अचाट बोललं की इतरांनी रुमालाचं चित्र टाकायचं, अशी पद्धतच पडली.

मामांना या सगळ्याचा भलता चेव आला. सकाळी पूजा आटोपली की विचारायचे, "आज काय म्हनायलेत ती पोरं?" मी वाचून दाखवायची. ते उत्तर सांगायचे, "लिही त्याला, तुझं वय किती, मोंढा बघितलास का कदी?" ते मी लिहायची नाही. माझ्या शब्दांत, पुराव्यासकट लिहायची. सासूबाईही आता निवडणं-टिपणं घेऊन आमच्यात बसायच्या. त्यांचा पक्ष वेगळा होता. "तो डाक्टर मला पयल्या दिवसापासून पटला न्हाई. डोळं बगा त्याचं."

मग शेवटच्या आधीचं पर्व आलं, आणि त्यात टाकी फुटली. शत्रूचा गोळा थेट टाकीवरच पडला. पाण्याचे गोळे आकाशात तरंगत गेले, यानावर हाहाकार. गटात नुसता जल्लोष. 'रुमाल फाटला!' मी फोन उलटा करून ठेवला आणि काही दिवस तिकडे फिरकलेच नाही. मालिकेपायी माणसाने इतकं खट्टू होऊ नये हे मला कळत होतं. पण झाले होते.

दोन दिवसांनी चहा घेताना मामा म्हणाले, "सौदा कदी कदी फिसकटतो. पन कावून फिसकटला ते बगावं लागतं."

त्या दुपारी मी तो भाग परत लावला आणि फक्त कप्तानचा उजवा हात बघत बसले. आणि ओरडलेच. "मामा! हात बांधलाय तिचा!" आधीच्या भागात तिचा हात भाजला होता, त्यावर मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती. मोजा काढायला मोजाच नव्हता. खूण देताच आली नव्हती. पलीकडे सेनापतीने मोजा काढून ठेवला होता, तो वाट बघत होता, आणि खूण आली नाही, काय सोडायचं ते ठरलंच नाही, म्हणून टाकी वाचली नाही. टाकी फुटल्यावर त्याचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता.

मामांनी मांडीवर थाप मारली, आणि नेमकी ऑपरेशन झालेल्या बाजूला. "आय्यो!" ते कळवळले आणि हसले, दोन्ही एकदमच. मी तिथल्या तिथे गटात लिहून टाकलं. या वेळी रुमालाची चित्रं कमी आली. बरेच जण तो भाग परत बघायला गेले, आणि ते मला फार गोड लागलं.

शेवटचा भाग ज्या दुपारी येणार, त्याच दुपारी लिंबागणेशला नवऱ्याच्या चुलतबहिणीचा साखरपुडा निघाला. चुकवणं शक्य नव्हतं. कुंकू लागलं, पेढा भरवला, फोटो झाले. पंगत बसायच्या वेळी मामा मोठ्याने म्हणाले, "माजा गुडगा लई ठणकायलाय. मी गाडीत बसतो जरा." आणि माझ्याकडे बघून, "बाई, ती गोळी घिऊन ये."

गोळी बिळी काही नव्हती. गाडी देवळासमोरच्या लिंबाखाली उभी होती. फोन स्टिअरिंगजवळच्या स्टँडला लावला. मामा ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारी. भाग सुरू झाला आणि रेंज गेली. पडद्यावर नुसतं चाक फिरायला लागलं. तेवढ्यात मागचं दार उघडून सासूबाई आत बसल्या. "गोळी घ्यायला इतका येळ?" त्या म्हणाल्या, आणि फिरणारं चाक बघून त्यांनी देवळाकडे तोंड करून हात जोडले. रेंज आली. मी कारण सांगत नाही, घडलं ते सांगते.

शेवटी दोन्ही कप्तान एका लहानशा यानात समोरासमोर आले. दोघंही म्हातारे झालेले. तिने उजव्या हाताचा मोजा काढला, त्याने काढला. तिने जुन्या फाटक्या झेंड्याचा तुकडा घेतला, हातावर टाकला, आणि त्याखाली दोघांनी बोटं धरली.

मामांनी दोन्ही हातांनी हॉर्न दाबला. आणि सोडेचनात. देवळाच्या आवारातली कबुतरं उडाली, पंगतीतले लोक खरकट्या हाताने बाहेर आले, नवरीमुलीचे वडील धावत आले की म्हाताऱ्याला काही झालं. आणि पडद्यावर ती बाई सांगत होती, हे सगळं का केलं ते. नफा नव्हता. भागी नव्हती. मागे कुणीतरी आहे या भीतीने तिची माणसं एक राहिली होती, पुढे कुणीतरी आहे या आशेने त्याची.

मामा काच खाली करून जमलेल्या पाहुण्यांना ओरडून सांगायला लागले, "मी निस्तं रुमाल म्हनलं व्हतं! कावून ते आमच्या सुनेनं वळखलं! हरलो मी! पार हरलो!" हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण सगळे हसत होते. साखरपुड्याला हसायला कारण लागत नाही. मागून सासूबाई म्हणाल्या, "तरी त्या डाक्टरचं डोळं काय बरं न्हाईत."

माझा फोन गरम झाला इतके निरोप येत होते. ज्याने भाभीजी म्हणून टोमणा मारला होता, त्याने सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं, रुमाल थिअरी जिंदाबाद, आणि तुमच्या मामाजींना सलाम. मी ते मामांना वाचून दाखवलं. "त्याला लिही," ते म्हणाले, "माजलगावला ये म्हनावं जेवायला." हे मात्र मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

येताना मांजरसुंब्याच्या घाटात सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. मामांनी गाडी थांबवायला लावली आणि फळवाल्या चाचांची आख्खी पाटीच उचलली. "इत्ते सीताफळ? कुछ खुशी है क्या?" चाचांनी विचारलं.

"हां," मामा म्हणाले. "आमची सून जितली आज."

चाचांनी वाकून माझ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि वरून दोन मोठी फळं माझ्या ओटीत टाकली. "मुबारक हो, बेटी. कौनसे वार्ड से?"