मोतीला सुया झाल्या होत्या

जबलपूरला गेले ती भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला. मुक्काम मावशीकडे, सदर बाजारामागे. काका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, महागप्पिष्ट. त्यांच्या बोटाला पट्टी होती. पोळी भरवताना घरच्याच कुत्र्याचा, मोतीचा, दात लागला होता.

रोज सकाळी शेजारी फाटकातून विचारत, "कुत्ता ठीक है ना?" मोती शेपूट हलवी. "तो फिर आप भी ठीक!" कुत्रा पिसाळला नाही म्हणजे माणूस सुखरूप, असा गल्लीचा हिशोब. मलाही तो पटला.

सदरमध्ये आम्ही खोवा जलेबी (खव्याची जाड, काळपट जिलबी) खायला गेलो. काकांनी बशी बाजूला सारली. गोड नाकारणारे काका मी जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या अंगात कणकण होती.

"काका, डॉक्टरकडे जाऊ या."

"काहून? मोतीला सुया झाल्या आहेत, तो मस्त जेवून राहिला. मला काय धाड भरली!"

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. पांढऱ्या कड्यांमधून नाव चालली होती, नावाडी यमकं जुळवून माहिती सांगत होता, लोक खिदळत होते. काका भर उन्हात कुडकुडत होते. बोलणं अडखळायला लागलं. पायजमा वर सरकला तेव्हा पोटऱ्यांवर जांभळे डाग दिसले. मी नावाड्याला ओरडून सांगितलं,

"भैया, नाव वापस लो!"

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं. "पहले कोई ऑपरेशन हुआ है?"

"स्कूटर से गिरे थे, तब तिल्ली (प्लीहा) निकाली थी," मावशी म्हणाली.

बाईंनी तिथल्या तिथे सलाईनमधून औषध सुरू करायला लावलं. कुत्र्याच्या लाळेतले जंतू रक्तात पसरले होते. हे रेबीज नव्हे. लस टोचलेल्या, धडधाकट कुत्र्याच्या तोंडातही ते असतात, आणि प्लीहा नसलेल्या माणसाच्या जिवावर बेततात. चावल्याबरोबर यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या.

"बचेंगे ना?" मावशीनं विचारलं.

"अभी कुछ कह नहीं सकते."

नागपूरहून मावसभाऊ आला, तेव्हा मी नाइलाजानं परतीच्या गाडीत बसले. बाहेर शेतं पळत होती. आम्ही शहाणी माणसं रोज कुत्र्याची प्रकृती बघत बसलो, याचाच मला संताप येत होता. इटारसीच्या पुढे मावशीचा फोन आला.

"ताप उतरला ग. मला ओळखलं त्यांनी. दोन बोटं काळी पडली, कापावी लागतील म्हणून राहिले डॉक्टर."

"अगं मावशी..."

"जाऊ दे ग बोटं! माणूस राहिला ना."

प्रवासात मी सहसा रडत नाही. तेव्हा मात्र ढसाढसा रडले. समोरच्या अनोळखी बाई घाबरून जवळ आल्या. "क्या हुआ दीदी? कोई गुज़र गया क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "बच गए."