लाल रेघ

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीचा अख्खा विभाग म्हणजे मी. माझ्या ताब्यात एक टेबल, मापं घ्यायला एक व्हर्नियर आणि गेल्या वर्षी मीच हट्टाने घ्यायला लावलेला स्कॅनर. फूटपट्टीएवढा लांब. एका फटीतून कागद आत, मागून बाहेर, आणि पान थेट मोबाईलवर. वायर नाही, कॉम्प्युटर नाही. "एवढं सोपं आहे, शेठ," असं मी मालकांना सांगितलं होतं. माणसाने बोलण्याआधी जरा थांबावं.

सोपं म्हणजे असं, की हा स्कॅनर स्वतःचं वायफाय सोडतो. मोबाईल त्याला जोडला की मोबाईलचं इंटरनेट जातं. कागद मोबाईलमध्ये येतो, पण पुढे जात नाही. पाठवायचा तर स्कॅनरशी काडीमोड घ्यायचा, आणि एखादं पान राहिलं असेल तर पासवर्ड घालून पुन्हा संसार मांडायचा. पासवर्ड त्याच्या पोटावर, मुंगीच्या अक्षरात.

चाकणच्या एका कंपनीला आम्ही ब्रॅकेटचे नमुने दिले होते. मोजमापांचे रिपोर्ट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पाठवायचे होते. शेठ इथल्या जुन्या गावातले, आडपडदा ठेवत नाहीत. त्यांनी आधीच बजावलं होतं, "ह्यो जॉब न्हाई आला, तर क्वालिटीचं माझं मी बघीन." म्हणजे माझी सुट्टी.

त्या दिवशी मी बारा पानं स्कॅन केली, काडीमोड घेतला, तीन वाजताच पाठवून दिली आणि ऐटीत चहा मागवला. साडेतीनला चाकणहून तिथल्या क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला.

"तुम्ही स्वतःच रिजेक्ट करून पाठवलंय का?"

मी मोबाईल उघडला. प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत ठसठशीत लाल रेघ. आमच्या धंद्यात रद्द कागदावर अशीच रेघ मारतात. इतका प्रामाणिक व्हेंडर त्यांना पहिल्यांदाच भेटला असणार.

स्कॅनर उजेडात धरला आणि उलगडा झाला. खंडेनवमीला शेठनी लेथला, ड्रिलला, ग्राइंडरला हळदकुंकू वाहिलं होतं आणि "ह्ये बी मशिनच हाय की" म्हणत चिमूटभर याच्याही फटीवर टाकलं होतं. मी तेव्हा पेढे वाटण्यात गुंग होतो. आता काचेवर कुंकू, रोलरवर कुंकू आणि त्यांना घासून गेलेल्या मूळ कागदांवरही कुंकवाची रेघ.

फुंकर मारली, रुमालाने पुसलं. एका रेघेच्या तीन झाल्या. मग मी मूळ कागद फाईलमध्ये घातले, स्कॅनर टेबलावर ठेवला आणि गाडीला किक मारली. वायरलेस म्हणतात ते हेच असावं. मोशीच्या पुढे ट्रेलरांच्या रांगेत अडकलो तेव्हा मात्र चेष्टा सुचेना. मला खरंच भीती वाटत होती. या वयात नवं वर्कशॉप शोधायचं आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून हुशारी दाखवायची, हे काही मला जमलं नसतं.

पाचला दहा कमी असताना मॅडमसमोर फाईल ठेवली. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"कुंकू?"

मी मान डोलावली. त्यांच्या पाठीमागे त्यांचं भलंमोठं मोजणीयंत्र होतं. त्याला झेंडूचा हार होता आणि कपाळावर कुंकवाचं बोट. त्या हसल्या नाहीत. मोबाईल काढून त्यांनी बारा पानांचे बारा फोटो घेतले आणि म्हणाल्या, "आले." दोन मिनिटं लागली असतील. स्कॅनरसाठी मी तीन महिने शेठच्या मागे लागलो होतो.

नमुने पास झाले. "बघ, पूजा केली म्हून झालं," शेठ म्हणाले. माझी नोकरी राहिली. यंदा खंडेनवमीला स्कॅनरला कुंकू मीच लावलं. आधी फटीवर टेप चिकटवून.