वरचा एक डॉलर

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. ही वही नातीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. वकिलाने लिहून मागितलं तेव्हा मी अर्धं पान लिहून दिलं होतं. त्यात सगळं मावलं नाही. उरलेलं इथे लिहिते.

त्या रविवारी दुपारी मी गरम पोळ्या घेऊन बाहेर गेले, तेव्हा सहा नंबरच्या टेबलावर अभय माझं नाव घेत होता.

"लीला सोनवणे," तो समोरच्या मोबाईलला सांगत होता. "धंदा, कुक. रक्कम, पंचवीसशे एक डॉलर."

मी पोळ्यांचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

आधी जागा सांगते. अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंगला एका मराठी माणसाचं थाळीचं हॉटेल आहे. मालकांना सगळे राजाभाऊ म्हणतात. मी तिथे सहा वर्षं पोळ्या केल्या. कणीक मशीन मळतं, पण लाटायचं आणि भाजायचं हातानेच. रविवारी साडेतीनशे-चारशे पोळ्या होतात. माझ्याबरोबर मीना होती, नागपूरकडची, माझ्या मुलीच्या वयाची. ती भाजायची, मी लाटायची. तिला इंग्रजी वाचता येतं. मला मुलीने ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं. मीनाही ग्रीन कार्डवालीच, पण तिने नागरिकत्वाचा अर्ज भरला होता आणि इंटरव्ह्यूची वाट बघत होती.

अभय आयटीत आहे. दर रविवारी जेवायला येतो आणि जेवता जेवता मोबाईलवर राजकारणाचा कार्यक्रम करतो, मराठीत. चाळीस-पन्नास माणसं बघत असतील. त्याचे मामा कॅनडातून येऊन राहिलेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. अर्धा वेळ नाना कॅनडातल्या राजकारण्यांना झोडपतात आणि उरलेला अर्धा वेळ अभय इथल्या प्रायमरीवर बोलतो. प्रायमरी म्हणजे खरी निवडणूक नव्हे. एकाच पक्षातल्या कोणी उभं राहायचं, ते आधी मतं घेऊन ठरवतात. म्हणजे भाऊबंदकीच. त्यामुळे शिव्या जास्त.

त्या दिवशी नाना म्हणाले, "आमच्याकडे मंत्र्याने मित्राच्या पैशाने सुट्टी घालवली तर चौकशी बसते. नीतिमत्ता बघायला वेगळा अधिकारी नेमलाय."

"मग होतं काय?"

"अहवाल येतो. मंत्री माफी मागतो."

"आणि?"

"आणि पुढच्या वेळी निवडून येतो."

"म्हणजे तुमच्याकडे माफी हा एक टॅक्स आहे, नाना. भरला की सुटला."

"अरे, निदान भरतात तरी. तुमच्याकडे तर रिटर्नच भरत नाहीत."

दोघे हसले. मग अभयने माझं नाव असलेली ती यादी काढली.

इथे कोणी उमेदवाराला मोठी रक्कम दिली की त्याचं नाव, काम, मालक आणि रक्कम सरकारी यादीत लागते. ती यादी कोणीही घरबसल्या बघू शकतो. मला हे माहीत नव्हतं. अभय ज्याच्या विरोधात बोलायचा, त्याच उमेदवाराला राजाभाऊंनी मदत केली होती.

"बाकीचे सगळे गोल आकडे आहेत बघा," अभय म्हणाला. "हजार, दोन हजार, पंचवीसशे. आणि एकाच हॉटेलातल्या दोन स्वयंपाकिणी, दोघींचे पंचवीसशे एक. हा वरचा एक कुठून आला? हे लग्नाचं पाकीट आहे का?"

"या बायका आहेत तरी का रे?" नाना म्हणाले. "की नुसती नावं?"

"मावशी, एक पोळी वाढा ना," अभय मला म्हणाला. "गरम आहे का?"

मी वाढली. सहा वर्षं तो मला मावशी म्हणतो, माझं नाव त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. नानांनाही एक वाढली. नाना म्हणाले, "पोळी काय मऊ आहे." मी आत आले.

आता खरं काय झालं होतं ते सांगते.

दोन महिन्यांपूर्वी त्या उमेदवारासाठी हॉटेलात फंडरेझर होता. फंडरेझर म्हणजे पैसे गोळा करायचं जेवण. एका माणसाने एका उमेदवाराला किती द्यायचे याला कायद्याने मर्यादा आहे. राजाभाऊंची मर्यादा भरली होती. त्यांना आणखी द्यायचे होते. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मावशी, पंचवीसशे मी तुम्हाला रोख देतो. तुम्ही बँकेत भरा आणि तुमच्या नावाने चेक द्या. मीनालाही देतो. तुमचं नाव होईल, माझं काम होईल."

मी कोणासमोर फारशी बोलतच नाही.

"आणि तुमचे तास कमी पडतात म्हणत होतात ना? पुढच्या महिन्यापासून पाच तास वाढवून देतो. फक्त मीनाला तुम्ही सांगा. ती तुमचं ऐकते."

तास मला हवे होते. जावयाच्या घरात राहते, हातखर्चाला मागायला लाज वाटते. पण तासांपेक्षा दुसरंच काहीतरी डोक्यात गेलं. मालकाने मला बसायला खुर्ची दिली होती आणि कोणीतरी माझं ऐकतं असं म्हटलं होतं.

मनाला मी असं समजावलं, की दुसऱ्याच्या वतीने पाकीट देणं यात नवीन काय? गावाकडे लग्नाला जाणाऱ्याच्या हाती शेजारीण आहेर पाठवते. वर नाव कोणाचं, आत पैसे कोणाचे, कोण बघतं? त्याच हिशोबाने मी माझ्या पदरचा एक डॉलर वर घातला. शून्यावर संपलेली रक्कम देऊ नये, अशी आपल्यात रीत आहे. मीनालाही घालायला लावला.

पण मी अडाणी होते म्हणून हे झालं असं म्हटलं तर ते खोटं होईल. चेकबरोबर एक फॉर्म होता. मीनाने तो वाचला. वाचता वाचता थांबली.

"मावशी, यात लिहिलंय की हे पैसे माझे स्वतःचे आहेत, मला ते कोणी दिलेले नाहीत. आणि खाली सही करायची आहे."

"फॉर्मात काय काय लिहिलेलं असतं," मी म्हणाले. "तू कर सही. मी करतेय ना?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

आयुष्यात मोजक्या वेळा मी कोणाला ठामपणे काही सांगितलं असेल. त्यातली ही एक.

त्या रविवारी मी आत आले तेव्हा मीनाच्या हातात मोबाईल होता. अभयचा कार्यक्रम कोणीतरी तिला पाठवला होता. तव्यावर पोळी जळत होती. मी गॅस बंद केला.

"माझा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली. "तिथे शपथ देऊन विचारतात, पकडले गेला नसाल तरी कधी गुन्हा केलाय का. मी काय सांगू आता?"

मी जळलेली पोळी तव्यावरून काढून टाकली.

राजाभाऊ संध्याकाळी स्वयंपाकघरात आले. "उमेदवाराच्या ऑफिसातून फोन येईल. सांगायचं, साठवलेले होते. दोघींनी एकच सांगायचं."

मंगळवारी फोन आला. बाई हळू आणि स्वच्छ बोलत होती. "युवर मनी?" असं तिने दोनदा विचारलं. मी "येस" म्हणाले. दोन्ही वेळा.

मीना वकिलाकडे गेली. वकिलाने सांगितलं, खरं सांगा, लपवलेलं सापडलं तर जास्त वाईट. पण तुम्ही एकट्या खरं बोललात आणि दुसरी बाई पैसे स्वतःचे म्हणत राहिली, तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? त्यांच्याकडून लेखी आणा. वकिलाची फी अठराशे डॉलर होती. मीनाने ती क्रेडिट कार्डावर भरली.

तिने मला लिहून मागितलं. मी म्हणाले, बघते. आणि अकरा दिवस बघत राहिले. नोकरी जाईल, मुलगी काय म्हणेल, जावई काय म्हणतील, पोलीस येतील, माझं कार्ड काढून घेतील, हेच डोक्यात. त्या अकरा दिवसांत मीना माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजत होती. एकदाही तिने परत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि न खाता बंद केला. म्हणाली, "मावशी, तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. मी अर्ज मागे घेते. वाट बघण्यापेक्षा ते बरं."

तेव्हा मी ऑर्डर लिहायचा कागद घेतला आणि त्याच्या मागे लिहिलं. पैसे राजाभाऊंनी दिले. मला माहीत होतं. मीनाने वाचून दाखवलं तरी मीच तिला सही करायला लावली. मग तिच्याच फोनवरून उमेदवाराच्या ऑफिसात फोन लावला. मीना मदत करायला पुढे आली, पण मी नको म्हटलं.

"माय नेम लीला," मी म्हणाले. "नॉट माय मनी. राजाभाऊ मनी. वन डॉलर, माय मनी."

पलीकडच्या बाईने माझं नाव परत विचारून लिहून घेतलं. मग "थँक यू, मॅम" म्हणाली. या देशात मला तोवर कोणी मॅम म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं असं मी काही केलंही नव्हतं.

पुढचं लवकर झालं. उमेदवाराच्या ऑफिसने आमच्या दोघींच्या नावाचे पैसे सरकारजमा केले. राजाभाऊंनी मोठा वकील लावला, त्यांची चौकशी अजून चालू आहे. आम्हाला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "सहा वर्षं खाल्लंत माझं." मी मनात म्हटलं, मीही सहा वर्षं खाऊ घातलंय. मलाही चौकशीचं पत्र आलं, मी तेच परत लिहून दिलं. उमेदवार प्रायमरीत हरला. अभयने त्यावर एक तास कार्यक्रम केला म्हणे. मी बघितला नाही.

मुलीला मी आधी सांगितलं नव्हतं. कळल्यावर ती रागावली नाही. नातीने विचारलं, "आजी, डिड यू लाय?" मी हो म्हटलं.

मीनाचा इंटरव्ह्यू पुढे ढकलला गेला. सात महिन्यांनी झाला. अधिकाऱ्याने वकिलाचे कागद वाचले, माझं अर्धं पान आणि त्याचं भाषांतरही वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि अर्ज मंजूर केला. शपथेच्या दिवशी तिने मला बोलावलं होतं. मी गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटली.

मी आता घरी पोळ्या करून विकते. वीस घरं आहेत. वकिलाची फी मी देणार असं मी मीनाला सांगितलं, तेव्हा ती नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही. दर महिन्याला दीडशे द्यायचे ठरवले. मध्ये शेगडी बिघडली तरी ते चुकवले नाहीत.

यातून मी शिकले ते एवढंच, की समोरचा माणूस कागद वाचून दाखवत असेल तर आपण गप्प बसावं आणि ऐकावं. मला गप्प बसायची सवय होतीच. नेमकी तेव्हा बसले नाही.

गेल्या शनिवारी मीना पोळ्या न्यायला आली तेव्हा तिला शेवटचे दीडशे दिले. ती न मोजता पर्समध्ये टाकायला लागली. मी म्हटलं, मोज. तिने मोजले. अठराशे पुरे झाले.